टीव्हीची गरम पाठ

आमच्या घरातल्या टीव्हीला पुढून पाहणारे तीन होते आणि मागून पाहणारा एक. तो मी. ऑफिसातून आलो की चपला काढायच्या, डब्याची पिशवी ओट्यावर ठेवायची, इकडेतिकडे पाहायचं, आणि टीव्हीच्या मागच्या फुगीर भागावर हळूच तळहात टेकवायचा. तापलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवतात तसा. गार लागला तर चहा. गरम लागला तर चौकशी.

तेव्हाचे टीव्ही आतासारखे भिंतीला चिकटलेले नव्हते. त्यांना भलंमोठं पोट असे, फक्त ते पाठीमागे निघालेलं असे. बंद केल्यावरही अर्धा-पाऊण तास ते ऊब धरून राहायचं. शिवाय काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहायचे, बारीक तडतड व्हायची. या दोन पुराव्यांवर मी जवळजवळ वर्षभर घर चालवलं.

आरोपी एकच होती. माझी मुलगी, तिसरीतली. आणि प्रकरण होतं तिच्या डोळ्यांचं.

ती टीव्ही फार जवळून पाहायची. हातभर अंतरावर मांडी घालून, मान पुढे काढून. मागे सरक म्हटलं की वीतभर सरकायची आणि जाहिराती संपेपर्यंत पुन्हा जागेवर. गल्लीच्या टोकाला कोण उभं आहे ते पाहताना डोळे बारीक करायची. मला खात्रीच पटली, की टीव्हीनं पोरीचे डोळे खायला घेतलेत आणि आपण वेळेवर पकडलं नाही तर हिला चष्मा लागणार.

चष्म्याला एवढं काय भ्यायचं, असं कुणी म्हणेल. आमच्या घरात भीत असत. माझे वडील, ज्यांना पोरगी आबाजी म्हणायची, मालगाडीचे ड्रायव्हर होते. ड्रायव्हरची नजर ठरावीक काळानं तपासतात, आणि ते बरंच आहे. अशा एका तपासणीत ते नापास झाले. इंजिनावरून उतरवून त्यांना गुढियारीकडच्या मालगोदामात टेबलाशी बसवलं गेलं. पगार चालू राहिला, माणूस बंद पडला. पुढे कितीतरी दिवस जेवताना लांबून शिट्टी ऐकू आली की ते घास हातात धरून थांबायचे, आणि गाडी गेली की तोच घास पुन्हा ताटात ठेवायचे. मी तेव्हा दहाबारा वर्षांचा असेन. तेव्हापासून चष्मा म्हणजे माझ्या लेखी इंजिनावरून उतरवल्याचा कागद.

त्यात राज्य नुकतंच वेगळं झालेलं. रायपूर राजधानी झालं आणि सगळ्या गोष्टींना एकदम घाई सुटली. सदर बाजारात लाल दिव्याच्या गाड्या स्कूटरींच्या गर्दीत अडकून भोंगे वाजवायच्या, आमच्या तात्यापाऱ्याच्या गल्लीत केबलच्या तारा गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत गेल्या, आणि आमच्या खात्यात कॉम्प्युटर आले. एक माझ्या टेबलावर आला, कारण टाइप करताना मी इतरांपेक्षा दोन बोटं जास्त वापरतो अशी माझी ख्याती होती. त्यात पत्त्यांचा खेळ होता. दिवसभर मी त्या काचेत नाक खुपसून लालवर काळं, काळ्यावर लाल लावायचो आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्हीचा ताप पाहायचो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

बायकोच्या आलं. एका सुट्टीच्या दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो आणि माझं उजव्या हाताचं बोट माउसवर पडावं तसं चादरीवर टकटक करत होतं.

"काय करून राहिले हो?"

"काही नाही. पडलो."

"ऑफिसात फायली चालवता का पत्ते?"

"फायली."

"मंग फाईल चालवताना बोट असं उडते का?"

मी कूस बदलली. संशय घेण्याचा मक्ता घरात माझ्याकडे होता. तो असा दुसरीकडे जाताना बरं वाटत नाही.

दसऱ्याच्या आधी शाळेतून चिठ्ठी आली. वर्गशिक्षिकेनं लिहिलं होतं, मुलीचं लक्ष नसतं, फळ्यावरचं उतरवून न घेता शेजारणीच्या वहीतून उतरवते, समज द्यावी. मी समज दिली. समज द्यायला मला आवडायचंच.

"काहून वं, दुसरीच्या वहीतून काहून उतरवतेस?"

"बोर्ड पर लाइट पड़ती है," ती म्हणाली. घरात आम्ही तिच्याशी मराठी बोलायचो आणि ती उत्तर हिंदीत द्यायची. तात्यापाऱ्यातली सगळीच मराठी पोट्टी तशी होती.

"एकट्या तुझ्यावरच पडते का लाइट? बाकीच्या पोरींच्या डोळ्यावर काय छत्री आहे?"

"मुझे नहीं पता."

"मले माहीत आहे. डोक्यात कार्टून घुसून राहिलं तुझ्या."

त्या दिवसापासून मी कायदे कडक केले. संध्याकाळी अर्धा तास टीव्ही, तोही माझ्या देखरेखीखाली. समोरच्या दीदीकडे आमच्यापेक्षा मोठा टीव्ही होता आणि तो दिवसभर चालू असे. तर तिकडे जाणं बंद. गल्लीतला खेळ शेवटी दीदीच्या ओसरीवरच जाऊन संपतो, असं माझ्या ध्यानात आलं. तर गल्लीत खेळणंही बंद. शाळेतून आली की घरात. खिडकीत बस, चित्रं काढ, आबाजींजवळ बस. टीव्हीवरच्या कापडी झाकणाची घडी मी निघताना विशिष्ट तऱ्हेनं पाडून जायचो. आवाजाचं बटण कुठवर आहे ते पाहून ठेवायचो. कधी दुपारी जेवायला म्हणून अचानक यायचो, जेवून झालेलं असलं तरी.

आणि तक्ता केला. हे माझं खास काम. सदर बाजारातल्या एका सराफाचं जुनं कॅलेंडर होतं, त्याच्या एका पानाच्या कोऱ्या पाठीवर काळ्या स्केचपेननं अक्षरं काढली. वर मोठा थोरला म. त्याखाली ट आणि र. मग ग, प, ल. चौथ्या ओळीत ध, भ, घ, स. ही ओळ काढताना मी स्वतःवर खूश होतो. ध आणि घ शेजारीशेजारी ठेवून मी डोळ्यांच्या भल्याभल्या डॉक्टरांच्या पुढे गेलो होतो. पाचवीत थ, य, ब, व, न. तक्ता घरातल्या लांबट बोळीच्या टोकाला खिळ्याला टांगला, दहा पावलं मोजून फरशीवर खडूनं रेघ मारली.

रविवारी पोहे झाले की परीक्षा. पोरगी रेघेवर उभी राहायची. एक डोळा झाकायला वरणाची पळी. मी तिच्या शेजारी, थोडा पुढे, उकिडवा बसायचो आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचो, कारण माझा संशय पळीवर होता. पळीच्या कडेनं ही झाकलेल्या डोळ्यानं बघते का? मान वाकडी करते का? तिनं कधी बघितलं नाही. मान ताठ. पाढे म्हटल्यासारखी ती एका दमात म्हणायची, "म. ट, र. ग, प, ल. ध, भ, घ, स. थ, य, ब, व, न." मग पळी दुसऱ्या डोळ्यावर, पुन्हा तेच, पुन्हा एका दमात.

"शाबास. पाहिलं? वेळेवर लगाम घातला म्हणून." हे मी बायकोकडे बघून म्हणायचो.

"डॉक्टरले दाखवून आणा ना एकदा," ती म्हणायची.

"तक्ता आहे ना घरी. डॉक्टर काय वेगळं करते?"

आबाजी खाटेवर बसून पेपर वाचत असत. परीक्षेच्या वेळी त्यांचा पेपर नेहमीपेक्षा जरा उंच धरलेला असे. हे मला तेव्हा दिसलं नाही, की दिसलं आणि मी त्याचा अर्थ लावला नाही, सांगता येत नाही. अख्ख्या घरात त्यांच्यावरच तेवढा माझा संशय नव्हता.

मग एका गुरुवारी मी दुपारी तीनला घरी आलो. बायको बाजारात गेलेली. आबाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. पोरगी शाळेतून येऊन खिडकीत बसलेली, मांडीवर वही. मी सवयीनं टीव्हीच्या मागे हात लावला. चटका बसावा इतका गरम.

"कोण पाहून राहिलं होतं?"

"मैंने नहीं देखा."

"मंग कोण? मांजर?"

ती खाटेकडे बघत होती. मी म्हटलं, इकडे पहा, माझ्याकडे. तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून. मला वाटलं ही मग्रुरी.

"खोटं बोलून राहिली तू. डोळे जातील अन् बापाशी खोटंही बोलशील."

ती रडली नाही. वही मिटली आणि पेन्सिलीचं टोक बोटानं दाबत बसली. दुसऱ्या दिवशी मी केबलवाल्या भैयाला सांगून केबल महिनाभरासाठी काढून टाकली. तार खिडकीबाहेर लोंबत राहिली. त्यानंतर आबाजी दुपारी फार चिडचिडे झाले, पण मी म्हटलं वय झालं.

दिवाळीच्या आधी घराला रंग दिला. खिळ्यावरचं सगळं उतरलं, पुसलं, परत टांगलं. त्यानंतरच्या रविवारी पोहे झाले, खडूची रेघ नव्यानं मारली, पोरगी पळी लावून उभी राहिली, मी उकिडवा बसून तिच्या चेहऱ्यावर नजर लावली.

"म," ती म्हणाली. "ट, र. ग, प, ल. ध, भ—"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत येत होती. ती दारात थांबली.

"काय वाचून राहिली ती?"

"दिसत नाही का? तक्ता."

"कोणता तक्ता?"

"मधात बोलू नको. घे वं, पुढे घे."

"घ, स," पोरगी म्हणाली. "थ, य, ब, व, न."

"शाबास."

"अहो," बायको म्हणाली, "जरा मागं तर पहा."

मी मान वळवली. भिंतीवर कॅलेंडरच्या पानाची सुलटी बाजू होती. कुठल्याशा जुन्या सालचा मार्च महिना, काळे आकडे, रविवारचे लाल आकडे, सणांच्या बारीक ओळी, आणि दोन ठिकाणी बायकोच्या अक्षरात 'गॅस लावला' आणि 'नळ येणार नाही'. रंगकाम झाल्यावर तिनं पान पुसून टांगलं होतं, चित्रं-आकड्यांची बाजू पुढे, जसं कुणीही टांगेल तसं. माझा म आणि ट आणि र भिंतीकडे तोंड करून होते.

मी किती वेळ त्या मार्च महिन्याकडे बघत होतो कोण जाणे. पोरगी अजून रेघेवरच उभी होती, पळी डोळ्यावर.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "वो लाल-लाल दिख रहा था ना, मुझे लगा आपने गलती पे निशान लगाया."

"तुले त्याच्यावर काय लिहिलं ते दिसत नाही?"

"दिखता है."

"काय दिसते?"

"कागज."

"अन् पहिले दिसत होतं? आपला तक्ता?"

तिनं पळी खाली केली. "पास जाके दिखता है. पास जाके याद किया था."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"सांगती तो आप बोलते, टीवी देखा."

तिनं म्हटलेलं मी खरंच म्हटलं असतं. अगदी याच शब्दांत, याच आवाजात. चष्मा लागला असता तर माझ्या कायद्यानं ती गुन्हेगार ठरली असती, म्हणून तिनं न दिसणंच लपवलं. फळ्यावरचं न दिसणं, गल्लीच्या टोकाचं न दिसणं, सगळं. आणि मी तिचा चेहरा सोडून भिंतीकडे एकदासुद्धा पाहिलं नव्हतं.

खाटेवरून खोकल्याचा आवाज आला. आबाजींनी पेपर खाली ठेवला.

"तिले पाठ कराले म्या सांगितलं," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"तिनं इचारलं, आबाजी, तुम्ही परीक्षेत काय केलं होतं. म्या सांगितलं. ओळ शेवटाकडूनबी पाठ कर म्हटलं, डॉक्टर कधी उलटी इचारते."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "हे काय आता नवीन?"

नवीन नव्हतं. आबाजींच्या त्या तपासणीआधी ते कुणाकडून तरी तक्त्याची अक्षरं उतरवून घेऊन आले होते, आणि त्यांना ती पाठ करून घेणारा मी होतो. त्यांच्यासमोर पाटीवर अक्षरं लिहून, पुसून, पुन्हा म्हणवून घेऊन. डॉक्टरांनी त्या दिवशी तक्ताच दुसरा लावला आणि आबाजींनी घडाघडा पहिला म्हणून दाखवला. ते तिथल्या तिथे पकडले गेले, आणि ते व्हायलाच हवं होतं. हे मला सगळं ठाऊक होतं. ही युक्ती जगात ज्या थोड्या माणसांना पक्की ठाऊक असेल त्यांतला मी एक, आणि माझ्याच बोळीत माझ्याच अक्षरांवर ती माझ्यावर चालवली गेली आणि मी वर शाबास म्हणत राहिलो.

"अन् एक," आबाजी म्हणाले. आता ते माझ्याकडे बघत नव्हते. "त्या दिवशी दुपारचा टीव्ही मीच पाहिला. रोजच पाहत होतो. कार्टून."

"तुम्ही कार्टून पाहता?"

"मंग काय करू? बातम्याइचे अक्षरं दिसत नाहीत मले. कार्टून कसं मोठं मोठं असते."

पोरगी म्हणाली, "मैंने बोला था ना, मैंने नहीं देखा."

हे ती मला म्हणाली की सगळ्यांना, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सदर बाजाराच्या पलीकडे डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, पहिल्या मजल्यावर. त्यांनी थेंब टाकले, पोरीला बाहेर बाकावर बसवलं, पुन्हा आत बोलावलं, दिवे मारले, काचा बदलल्या. उजव्या डोळ्याला नंबर होता, डाव्याला त्याहून बराच जास्त. डाव्या डोळ्याचं काम इतके दिवस उजवाच करत आला आणि मेंदूनं डाव्याला विचारणंच सोडलं, असं त्यांनी सांगितलं.

"अभी भी इससे काम करवाया जा सकता है," त्या म्हणाल्या. "लेकिन उमर निकल जाए तो फिर चश्मे से भी पूरा नहीं दिखेगा. पहले क्यों नहीं लाए?"

बायको म्हणाली, "घर में तक्ता था."

मी विचारलं, "मॅडम, टीवी से हुआ ना?" माझ्या आवाजात थोडी आशा होती, हे कबूल करतो. टीव्हीचा गुन्हा सिद्ध झाला असता तर मी निदान वेडा ठरलो नसतो.

"डावी आँख का तो टीवी से कोई लेना-देना नहीं," मराठी पेशंट पाहून त्या अधूनमधून मराठी शब्द पेरत होत्या. "दिखता नहीं था, इसलिए टीवी के पास जाती थी. आपने उलटा समझ लिया. इसका मतलब ये नहीं कि दिन भर बैठे. कम देखे, दूर से देखे, और धूप में खेले. बाहर कितना खेलती है?"

"बंद है," बायको म्हणाली.

"क्यों?"

"इनसे पूछो."

मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या डोळ्याकडे बघत राहिलो. त्याचा वरचा भाग उघडून आतलं दाखवायची सोय होती.

चष्मा झाला. उजव्या डोळ्यावर रोज तीन तास पट्टी, म्हणजे डाव्याला कामाला लागावंच लागेल. आणि त्या वेळात तिनं बारीक नजरेचं काहीतरी करायचं. चित्रं, मणी ओवणं. "नहीं तो टीवी लगा दो," बाई म्हणाल्या, "पट्टी लगाकर थोड़ी देर टीवी देखे तो भी चलेगा."

तर आता मी केबलवाल्या भैयाच्या घरी जाऊन त्याला हात जोडून केबल परत लावून घेतली. तो म्हणाला, "क्या हुआ भैया, बिटिया पास हो गई?" संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं कार्टून लावायचो, पट्टी बांधलेल्या पोरीला खडूच्या रेघेमागे बसवायचो, घड्याळात अर्धा तास पाहायचो. तिच्या शेजारी आबाजी, पेपर न घेता. त्याआधी एक तास तिनं गल्लीत खेळलंच पाहिजे, असा नवा कायदा. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून मला विचारत होती, "सच में जाऊँ?" तिला हा सापळा वाटत होता. तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

मणी ओवायचा तिला कंटाळा आला तेव्हा बायकोनं तिच्यापुढे तांदळाचं ताट ठेवलं. दुकानातून आणलेल्या तांदळात तेव्हा खडे हमखास असायचे, पांढरे, तांदळाएवढेच. पट्टी बांधून, डाव्या डोळ्यानं ते वेचायचे. पहिल्या आठवड्यात तिनं फार मन लावून ताटभर तांदूळ निवडले आणि रात्रीच्या जेवणात पहिल्याच घासाला माझ्या दाढेखाली कचकन खडा आला. मग आबाजींच्या. आबाजींना दाढा कमी होत्या म्हणून ते वाचले.

"कैसा है?" तिनं विचारलं. चष्म्यामागे डोळे मोठाले.

"छान आहे," मी म्हटलं, आणि खडा गिळला.

असे दोनएक महिने आम्ही माती-खडे खाल्ले. आणि मग ते कमी होऊ लागले. एखाद्या घासाला एक. मग जेवणात एक. मग एक दिवस अख्खं जेवण झालं आणि काहीच नाही.

यावर माणसानं खूश व्हावं. मला संशय आला. पोरीचं मन मोडू नये म्हणून बायको नंतर गुपचूप तेच तांदूळ पुन्हा निवडत असणार, असं मला वाटू लागलं. दोन दिवस मी पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात चकरा मारल्या. तिसऱ्या दिवशी मी ताटातल्या निवडलेल्या तांदळात मुद्दाम चार खडे टाकायला निघालो, कोण काढतं ते पाहायला. मूठ उघडायच्या आतच बायको दारात.

"काय आहे हातात?"

"काही नाही."

"उघडा मूठ."

उघडली. तिनं खड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"टीव्हीची पाठ चाचपायची सोडली, आता माझे तांदूळ तपासून राहिले का? तुमचंच पहिले डोकं निवडून घ्या एखाद्या सुपात."

"तू पुन्हा निवडतेस का?"

"नाही हो. तिनंच निवडले. तुम्हाले खरं वाटत नसन तर चला बाईंकडे तारखेच्या आधी."

तारखेपर्यंत थांबलो. पण ते दिवस कसे गेले ते मलाच माहीत, कारण आता प्रश्न एवढाच होता, की डावा डोळा खरंच पाहू लागला आहे, की या घरातल्या माणसांनी मिळून मला पुन्हा एकदा खूश ठेवलं आहे. पोरगी खरं सांगेल का, याचा मला भरवसा नव्हता. खरं सांगावं असं मी तिला आजवर काही शिकवलंच नव्हतं.

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, चष्मा तसाच ठेवून उजव्या डोळ्यावर काळी चकती धरायला दिली. भिंतीवरचा तक्ता मागच्या वेळचा नव्हता. हे मी आधी पाहून घेतलं. या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवून तक्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

पहिली ओळ तिनं म्हटली. दुसरी. तिसरी. पाढ्यासारखी नाही, थांबत थांबत, एका अक्षराला चुकून, पुन्हा सुधारून. चौथीला बराच वेळ घेतला. बायकोनं माझी बाही धरली होती. चौथीही झाली.

"आगे?" बाई म्हणाल्या.

पोरीनं मान पुढे काढली, पुन्हा मागे घेतली.

"अंदाज़ से बोलो बेटा."

"नहीं दिख रहा," पोरगी म्हणाली. मग एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "अंदाज़ से नहीं बोलूँगी."

"बहुत बढ़िया," बाई म्हणाल्या आणि कागदावर लिहू लागल्या. "मागच्या वेळेला दुसरी पण नव्हती येत. पट्टी चालू ठेवा."

पोरगी नाही म्हणाली होती. जे दिसत नाही ते दिसत नाही म्हणाली होती, तेही माझ्यासमोर. मी आनंदानं पाचव्या ओळीकडे पाहिलं, की बघू तरी काय होतं तिला न दिसणारं. तिथे मुंग्या होत्या. मी डोळे बारीक केले. मुंग्या जरा हलल्या. चौथी ओळ पाहिली, तीही काही फार ओळखीची वाटेना.

बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. तक्त्याकडे नाही; तोंडाकडे. ही नजर कुणाची, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"तुम्ही वाचा बरं ती ओळ," ती म्हणाली.

"स्कूटर रस्त्यात लावली आहे," मी म्हणालो. "हटवून येतो, कोणी ठोकून जाईन."

आणि मी दाराकडे निघालो. पोरगी खुर्चीवरून उतरून खिडकीशी गेली होती, काळी चकती अजून उजव्या डोळ्यावरच होती. पहिल्या मजल्यावरून तिनं खाली रस्ताभर पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "स्कूटर तो दुकान के बाजू में खड़ी है, एकदम किनारे. यहाँ से दिख रही है."